कोपऱ्यातला चेहरा

आमच्या शहापूर-मुरबाडकडे माणूस गेला की तेराव्याच्या आत त्याचा फोटो मोठा करून आणायचा, ही रीत. आणि फोटो जुन्या काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवरून मोठा करायचा असेल तर शेणव्याच्या रघूदादाकडे जायचं, हीही जवळजवळ रीतच. रघूदादा एक गोष्ट करायचा, जी मी दुसऱ्या कुठल्या फोटोवाल्याला करताना पाहिली नाही. एकाच निगेटिव्हच्या तो दोन प्रिंट काढायचा, दोन वेगळ्या भिंगांतून. दोन्ही ओटीवर शेजारी शेजारी ठेवायचा आणि स्वतः पाठ फिरवून बसायचा. कुठली प्रिंट कुठल्या भिंगाची, हे विचारलं तरी सांगायचा नाही. घरच्यांनी एक उचलायची. उरलेली तो चुलीत घालायचा.

एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह अडकवली की तिची सावली खालच्या कागदावर पाडायचं काम भिंगाचं. त्यातलं एक तीन काचांचं, त्यानं धंदा सुरू केला तेव्हापासूनचं. दुसरं चार काचांचं, जपानी, कल्याणच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं. काचा जितक्या जास्त तितकं भिंग स्वच्छ, असा ढोबळ हिशोब. जुन्यातून चेहरा मऊ उतरे, सुरकुत्या पुसट होत. जपानीतून पापणीचा केस न केस दिसे. लोक बहुधा मऊच उचलत. "मेलेल्याच्या सुरकुत्या कोनाला नको असतात," रघूदादा म्हणायचा. "ज्यांनी पाडल्या त्यांना तर मुळीच नको असतात."

माझी त्याची ओळख वडील गेले तेव्हाची. मी दुसरी प्रिंट उचलली, सुरकुत्यांची. त्यानं वळून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय करतोस रे तू?" मुरबाडला एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, म्हटलं. "मंग बरोबर. तुला हाडापरेंत बगायची सवय." तेव्हापासून माझं नाव त्याच्या घरात 'एक्सरे' पडलं ते कायमचं. शहापूरला घरी परतताना शेणव्याला गाडी आपोआप थांबायला लागली. आमच्या दवाखान्यातली फिल्म धुवायची अंधारी खोली संगणकानं कधीच गिळली होती. मला त्या लाल दिव्याची आणि हायपोच्या, फोटो पक्का करायच्या त्या रसायनाच्या, आंबूस वासाची आठवण यायची. हे मी घरी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

रघूदादा काटकुळा, उंच, नखं केमिकलनं तपकिरी झालेली. पडवीच्या टोकाला पत्रे मारून त्यानं अंधारी खोली केली होती. बाहेर टळटळीत ऊन असताना आत शिरलं की दोन मिनिटं आपले हातही दिसत नसत. आत कुणी बोललेलं त्याला खपत नसे. "कागद तापतो बोलण्यानी," असं काहीतरी अचाट कारण द्यायचा. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते म्हणून ती भाजलेल्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा, आणि गणपतीनंतर एक एक काढून उजेडात धरून बघायचा. एकदा शेजारणीनं चुकून तेच तांदूळ शिजवायला नेले होते. त्याबद्दल तो पुढे कित्येक महिने तिला "जपानी भात जमला का गो?" असं विचारत असे.

भिंगाची परीक्षा घ्यायची त्याची पद्धत ठरलेली. स्वतःच्या घराच्या कौलांची एक निगेटिव्ह होती, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कौलंच कौलं. नवं भिंग आलं की आधी ती लावायची. एकदा भिंग पूर्ण उघडं ठेवून प्रिंट, एकदा त्याचं तोंड दोन घरं बारीक करून. मग दोन्ही उन्हात आणून चारी कोपरे तपासायचे. "मधी काय बगतोस? मधी सगलेच चांगले असतात. कोपरे बग." हे तो भिंगाबद्दल म्हणे, आणि माणसांबद्दलही. गावातल्या एका मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलगा बघून आलेल्या बापाला त्यानं विचारलं होतं, "कोपरे बगलास काय?" बाप बिचारा म्हणाला, घर बघितलं, कोपरे नाय बघितले.

महिन्याला चार-दोन फोटो करणारा माणूस. त्याला आणखी भिंगं कशाला हवी होती, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मुंबईला निघालो की तो हमखास सांगायचा, "जुन्या बाजारात बग रे, सहा काचांचा जर्मन भिंग मिलला तर." मी दोन आणली, दोन्ही त्यानं नापास केली. एकाच्या आत बुरशीची जाळी होती, दुसऱ्याचे कोपरे विरघळत होते. प्रत्येक वेळी कौलांची परीक्षा झाली की तो एक दुसरी निगेटिव्ह काढी, तिची प्रिंट करी, आणि ती मला न दाखवता बाहेर धुवायला देई.

धुवायचं काम सुमनवहिनीचं. रघूदादाच्या धाकट्या भावाची, मोहनची, ही बायको. मागच्या दारी सिमेंटचा हौद होता, त्यात ती प्रिंट उलटसुलट करून धूत असे आणि दोरीवर चिमट्यांनी लावत असे. ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, बोलणं कमी. रघूदादाची बायको लग्नानंतर लवकरच वारली होती. आई होती तोवर घर आईनं आणि सुमनवहिनीनं चालवलं, आई गेल्यावर एकट्या वहिनीनं. मोहनबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. गावात जे ऐकलं होतं ते पुरेसं होतं.

पुढे रघूदादानंच सांगितलं. शहापूरच्या बाजारात त्याचा स्टुडिओ होता तेव्हा मोहन त्याच्या हाताखाली होता. एका लग्नाचे रोल आत धुवायला टाकले असताना मोहननं विसरून दार उघडलं. सगळं लग्न काळं झालं. नवऱ्यामुलाचे बाप पुढच्या खोलीत बसले होते. त्यांच्यादेखत रघूदादानं मोहनच्या थोबाडीत मारली. "हात उचलला तो उचलला, वर बोललो, तू मेलास मला." मोहन त्या दिवशी घरी आला नाही. आठवड्यानं त्याची सायकल तानसा तलावाच्या काठाला सापडली. माणसं पाण्यात उतरली, गळ टाकले, काही मिळालं नाही.

त्यानंतर दुसऱ्या वर्षीची म्हशाची, म्हणजे मुरबाडजवळच्या म्हसा गावची, पौषातली जत्रा. तिथे बैलांचा बाजार भरतो. नवी जोडी घेतली की शेतकरी बैलासकट फोटो काढून घेत, आणि रघूदादाला चांगलं काम मिळे. त्याचा कॅमेरा जुना, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. त्या काचेवर एक छोटं भिंग उघडतं. ते डोळ्याशी धरलं की फोकस नेमका साधता येतो, पण मग काचेचा मधला तुकडाच तेवढा दिसतो. तसा त्यानं एका बैलाचा फोटो घेतला. घरी येऊन प्रिंट काढली. बैल झकास आला होता, मालक झकास आला होता. आणि मागे, घोंगड्यांच्या दुकानांपाशी, अगदी कोपऱ्यात एक माणूस उभा होता. मोहनसारखा.

"सारखा," रघूदादा मला म्हणाला. "मोहन नाय बोलत मी. सारखा." फोकस बैलाच्या डोळ्यावर होता, म्हणून मागचं सगळं पुसट. त्यात तो माणूस कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात त्या तीन काचांच्या भिंगाचा जीव आणखी कमी. त्याच्या एन्लार्जरची चौकट अशी होती की निगेटिव्ह सरकवून चेहरा मध्यावर आणता येत नसे. तेव्हापासून तो भिंगं शोधत होता; जपानीही त्याच शोधात आलेलं, पण कोपऱ्यात तेही कमी पडलेलं. गिऱ्हाइकांना तो नेहमी बजावायचा, "भिंग काय नवीन आनीत नाय. निगेटिव्हमदी हाय तेवडाच खाली उतरतो." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की स्वतःच्या बाबतीत तो ते विसरलाय हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

हा नुसता छंद असता तर गोष्ट वेगळी. पण बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं आमच्याकडे करतात. बारा वर्षं होऊन जमाना लोटला होता. भाऊबंद दर वर्षी बोलत. आई तर "माज्या पोराला पानी तरी द्या रे" म्हणत गेली. रघूदादाचं उत्तर एकच, "चांगला भिंग मिलू दे." चेहरा मोहनचा निघाला तर सुमनवहिनी सवाष्ण, नाही निघाला तर विधवा. एवढा मोठा निवाडा त्या माणसानं काचेच्या तुकड्यावर सोपवला होता. आणि जिचा निवाडा व्हायचा ती मागच्या दारी त्याच प्रिंट धूत होती. नवं भिंग आलं की तोच चेहरा पुन्हा पाण्यात, पुन्हा दोरीवर. मला ते बघवत नसे. तिच्याकडे पाहावं तर तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे.

शेवटी ते भिंग मला सापडलं. मुंबईतले एक म्हातारे फोटोग्राफर जागा रिकामी करत होते. सहा काचांचं, जर्मन, डबीत जसंच्या तसं. कौलांच्या परीक्षेत ते पहिल्या झटक्यात पास झालं. चारी कोपऱ्यांत कौलावरचं शेवाळ मोजून घ्यावं. मग त्यानं ती दुसरी निगेटिव्ह काढली. "एक्सरे, आज तू आत थांब," म्हणाला.

एक प्रिंट जुन्या भिंगानं, एक नव्या. कागद तोच, वेळ सांभाळून दोन्हींचा काळेपणा सारखा केलेला. दोन्ही एकाच ट्रेमध्ये सोडल्या. त्याचं एक म्हणणं होतं, चेहरा वर येताना आधी डोळे येतात, मग माणूस येतो. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. जुन्या भिंगाच्या प्रिंटवर घोंगड्यांच्या पुढे तो माणूस हळूहळू उभा राहिला. कपाळ, नाक, जरा कललेली मान. मी मोहनला कधी पाहिलं नव्हतं, तरी मला वाटलं, हा कुणाची तरी वाट बघतोय. नव्या भिंगाच्या प्रिंटवर त्याच जागी बारीक काळे दाणे आले, सांडलेल्या रव्यासारखे. आणखी दाणे आले. डोळे आलेच नाहीत.

उजेडात आणून त्यानं दोन्ही प्रिंट कितीतरी वेळ पाहिल्या. त्याला समजायला माझी गरज नव्हती. नवं भिंग निगेटिव्हवरचा दाणा न् दाणा वेगळा दाखवत होतं, आणि दाण्यांखेरीज तिथे काही नव्हतं. जुनं भिंग ते दाणे एकमेकांत मिसळून टाकत होतं, आणि त्या मिसळण्यातून चेहरा होत होता. "इतकी वर्सा ह्या भिकारड्या भिंगानी मला भाऊ करून दिला रे," रघूदादा म्हणाला आणि ओटीवर बसून रडला. मोठा माणूस रडताना काय करायचं हे मला कधीच कळत नाही. मी ट्रे धुवायला घेतले.

पंधरा दिवसांत त्यानं भटजी ठरवले. पळसाची पानं आणली. अंगणात पुतळा बांधून झाला, पांढऱ्या कपड्यात गुंडाळला. मी रजा काढून गेलो होतो. भाऊबंदांतली एक म्हातारी सुमनवहिनीचं कुंकू पुसायला पुढे झाली, तिनं वहिनीचा हात धरला. वहिनीनं तो झटकला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "जित्या मानसाला जालू नका."

ती रघूदादाकडे वळली. "दादा, तो फोटोतला हेच व्हते. आपल्या आयसोबत मी घोंगडी घ्यायला आलती म्हशाला. आय दुकानात बसली व्हती. हे मला मागं भेटले. बोल्ले माज्याशी."

"आणि तू गप बसलीस?" रघूदादानं विचारलं.

"गप बसनार नाय तर काय करनार? मला चल बोल्ले नाय ते. हरवलेल्याची बायको म्हनून आयनी मला पोटाशी धरली. टाकलेली म्हनून कोनी ठेवली असती? तुमी सांगा."

माहेरी तिचं कोणी उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भटजी पंचांग गुंडाळून बाजूला झाले. पुतळा सोडून पानं गोठ्यामागे टाकली. मला वाटलं होतं, रघूदादा तिला घरातून काढील, निदान चार शब्द बोलेल. तो आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला. "पानी पी," म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "चांगला भिंग खोटा बोल्ला रे, एक्सरे." मी म्हटलं, दादा, भिंग खरंच बोललं, निगेटिव्हमध्ये काही नाही. "मानूस व्हता ना पन तिथं," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं भिंगं तपासणं सोडलं. नवं जर्मन मला देऊन टाकलं, तांदळाच्या डब्यासकट. फोटो मोठे करायचे ते फक्त जुन्या भिंगानं, एकच प्रिंट, लोकांनी निवडायचं काही ठेवलं नाही. पौषात मात्र तो म्हशाला जायचा, कॅमेरा न घेता. एकदा मी सोबत गेलो. घोंगड्यांच्या दुकानांपुढे स्टूल टाकून तो सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसला. येणाऱ्या प्रत्येक बाप्याच्या तोंडाकडे बघत होता, लोक चिडून बघू लागेपर्यंत बघत होता. माणसं जातच होती. त्याला चहा दिला तर त्यानं मान खाली घातली नाही, तसाच ओठाला लावला. घरी आल्यावर तो सुमनवहिनीला दर वेळी तेच विचारायचा, "काय बोल्ला तो तवा? माज्याबद्दल काय बोल्ला?" ती म्हणायची, "काय नाय. घाईत व्हते." हे माझ्यादेखत किती वेळा झालं असेल.

गेल्या वर्षी रघूदादा गेला. ताप आला, छातीत कफ झाला, शहापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या छातीचा एक्स-रे मला दाखवला त्यांनी, ओळखीचा म्हणून. मला तो वाचता आला नाही. हे माझं रोजचं काम असून आला नाही.

तेराव्याची पंगत उठली, भाऊबंद पांगले. सुमनवहिनी मागच्या दारी हौदाच्या काठावर बसली होती. हौद कोरडा होता. मी निरोप घ्यायला गेलो तर म्हणाली, "बसा भाऊ. दादांना नाय सांगितला ते कोनाला तरी सांगू दे." मी बसलो.

"मी त्यांना बोल्ली, दादा तिकडं फोटो काडतात, पायावर डोका ठेवा, सगला मिटंल. हे बोल्ले, जातो समोर. दादानी हाक मारली तर घरी येतो. आनि गेले. मी दुकानाच्या आडून बगत व्हती. हे बैलाच्या मागं, जरा बाजूला, सरल उभे राह्यले, कॅमेऱ्याकडं तोंड करून. दादा खाली काचेत बगत व्हते. लय वेल बगत व्हते. मंग खटका दाबला, रोल फिरवला, नि दुसऱ्या बैलाकडं गेले. हे परत आले तवा तोंड पांडरा पडलेला. बोल्ले, 'त्या काचेत सगला दिसतो, मी काय नवा हाय? बगून न बगितल्यासारका केला दादानी.' नि गेले ते गेले."

"आणि हे तुम्ही दादांना..."

"कसा सांगू? तुमीच सांगा, कसा सांगू?"

मला तिचा रागही आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. त्या माणसाला तिनं इतकी वर्षं एका चेहऱ्यामागे फिरवलं, आणि हे एक वाक्य तेवढं त्याच्यापासून राखलं. ते त्याला कळलं असतं तर तो तेव्हाच संपला असता. काचेवरचं छोटं भिंग उघडलं की मधलं सोडून काही दिसत नाही, हे मोहनलाही ठाऊक असायला हवं होतं. पण ते भिंग उघडं आहे की मिटलेलं, हे समोर उभ्या राहिलेल्या माणसाला कळत नाही.

मोहन कुठे असेल तर आता म्हातारपणाला टेकला असेल, आणि भावानं आपल्याला ओळख दाखवली नाही हे उराशी धरून बसला असेल. आता पौषात म्हशाला मी जातो. सुमनवहिनीही येते, मला माणसं दाखवते, मग नाही म्हणते. भेटलाच कधी तर मला त्याला फार काही सांगायचं नाही. तुझ्या दादाचा डोळा बैलाच्या डोळ्यावर होता रे, त्यानं तुला पाहिलंच नाही, एवढंच.